ओसाकात दोघांचा शनिवार-रविवार: क्योटो सोडलं तर चालेल का?

उंबरठा:

नमस्कार मंडळी. नवऱ्याचं टोकियोत काम निघालंय आणि मीही त्याच्याबरोबर आलेय. नोव्हेंबरअखेरचा एक शनिवार-रविवार पूर्ण मोकळा मिळतोय. शुक्रवारी त्याचं ऑफिस सुटलं की शिनकान्सेननं ओसाका गाठायचं आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परतायचं, इथपर्यंत आमचं एकमत आहे. त्यापुढे दोघांची तोंडं दोन दिशांना.

जिथे वाचावं तिथे तीच यादी: सकाळी किल्ला, दुपारी क्योटो, रात्री दोतोनबोरी, दुसऱ्या दिवशी नारा, वेळ उरला तर युनिव्हर्सल स्टुडिओ. नुसतं वाचूनच धाप लागली.

आम्ही दोघं पन्नाशीच्या पुढचे. त्याला किल्ल्यांचं वेड, तटबंदी दिसली की दगडावर हात फिरवल्याशिवाय पुढे सरकत नाही. मला जुनी घरं, बाजार, चिनीमातीची भांडी असलं काहीतरी हवं असतं. त्याचा गुडघा जिने उतरताना कुरकुरतो, सपाटीवर मात्र तो मला मागे टाकतो. मी शाकाहारी (अंडं चालतं), तो सगळं खातो.

तर क्योटो सोडलं तर पुढे आयुष्यभर हळहळ वाटेल का? राहायचं कुठे? किल्ल्यात आत जायचं की बाहेरूनच बघायचा? आणि रेल्वेचा पास घ्यायचा का?

फिरस्ता_७:

एवढ्या लांब येऊन क्योटो नाही? ओसाका स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वेची) जलद लोकल अर्ध्या तासात क्योटोला टाकते. पहाटे उठा, फुशिमी इनारी देऊळ बघा (चोवीस तास उघडं, तिकीट नाही), दुपारपर्यंत परत. जमतं सगळं, मनावर घ्यायला हवं.

पासच्या भानगडीत मात्र पडू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या जेआर पासची किंमत २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाली. टोकियो-ओसाका एका बाजूला साधारण १४ हजार येन पडतात, म्हणजे जाऊन-येऊनही पास वसूल होत नाही. साधी तिकिटं काढा. जाताना उजव्या बाजूची, दोन आसनांची रांग मागा. हवा स्वच्छ असली तर पाऊण तासाच्या आसपास फुजी दिसतो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार म्हणजे अंधारच असेल म्हणा.

सुईदोरा:

उंबरठाताई, चालेल का काय विचारता, खुशाल सोडा! फिरस्ता अंतराचं म्हणतात ते खरंच आहे. पण नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे क्योटोत मोमिजीचा ऐन भर, आणि अख्खा देश ती लाल पानं बघायला तिथे लोटलेला. बसच्या रांगेत उभं राहून तुमच्या ह्यांच्या गुडघ्याचं काय होईल ते मी सांगायला नको. क्योटोसाठी पुढे कधीतरी वेगळी सवड काढा. लोक ओसाकात फक्त खायला आणि झोपायला येतात आणि दिवस उजाडला की दुसरीकडे पळतात. मी ओसाकाच्या दक्षिणेला ट्रामच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहते, त्यामुळे हे मला जरा लागतंच.

राहायला तेन्नोजी बघा. शिन-ओसाकाला उतरलात की मिदोसुजी ही लाल मेट्रो लाइन थेट तिथे आणते, कुठे बदलावी लागत नाही. नाम्बा याच लाइनवर आहे, पण तिथली खोली शनिवारी रात्री उगाच महाग पडते. उमेदाला तर नकोच. जमिनीखाली ओसाका, उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा, ओसाका-उमेदा अशा सतरा पाट्या, आणि प्रत्येक ठिकाणी वर चढा, खाली उतरा. इथे राहणारेही तिथे चुकतात. वाटेत शिनसाइबाशीला दार उघडलं की फलाटावरून वर बघा. ही लाइन १९३३ ची आहे आणि तेव्हाचं उंच कमानदार छत अजून तसंच आहे. आणि हो, सरकत्या जिन्यावर इथे उजवीकडे उभं राहतात, टोकियोच्या बरोब्बर उलट. डावीकडे थांबलात तर मागे कोणीतरी घसा खाकरतं.

शनिवारी सकाळी तेन्नोजी-एकिमाए थांब्यावरून हानकाईची ट्राम पकडा. एकाच डब्याची असते, घरांच्या परसदारातून खडखडत जाते, लोकांची वाळत घातलेली धुणी दिसतात. अबिकोमिचीची पाटी बघून बसा आणि सुमियोशी-तोरीइमाएला उतरा. पैसे उतरताना, टोकियोचं प्रवासाचं कार्ड चालतं. या कंपनीकडे १९२८ साली बांधलेले काही डबे अजून आहेत. थंडीच्या दिवसांत क्वचित धावताना दिसतात, त्यांना एसी नाही. समोर आला तर नशीब काढलंत म्हणायचं.

ट्रामच्या रुळापलीकडेच सुमियोशी ताइशा. आत शिरताच लाल कमानी पूल लागतो, सोरीहाशी. लांबी जेमतेम २० मीटर, पण मधोमध उंची साडेतीन मीटरच्या वर, म्हणजे चढणं सोपं आणि उतरताना धडकी. गुडघ्याला हा पूल अजिबात नको, बाजूनं सपाट वाट आहे. तुम्ही चढा, त्यांना खालून फोटो काढू दे.

एकेकाळी समुद्र या देवळाच्या अगदी जवळ होता, आणि हे दर्यावर्दी लोकांचं दैवत. म्हणून आवारात दगडी दिवेच दिवे, सहाशेच्या आसपास, व्यापाऱ्यांनी नि जहाजवाल्यांनी वाहिलेले. खांबांवर कोरलेली त्यांच्या धंद्यांची नावं अजून वाचता येतात. मुख्य गाभारे चार, सध्याच्या इमारती १८१० च्या. त्यांच्या छपरांकडे नीट बघा. इतर देवळांसारखा कडेला बाक नाही, उतार सरळसोट खाली येतो. तुम्हाला जुन्या बांधणीची आवड आहे म्हणून सांगते.

शनिवार धरा म्हणतेय त्याला कारण आहे. नोव्हेंबरभर शिचि-गो-सान चालतं. तीन, पाच आणि सात वर्षांची पोरं किमोनो घालून दर्शनाला आणतात. एखादी तीन वर्षांची बाहुली झोरी (सपाता) काढून हातात घेऊन बसलेली, आजी तिच्या मागे, आई फोटोवाल्याला सांभाळतेय, आणि पोरगी चितोसे-आमेची (लांब गोड कांड्यांची) लांबलचक पिशवी जमिनीवरून फरफटवत चाललीय. तासभर बसून बघावं असं दृश्य असतं. आवाराच्या आतल्या बाजूला कुंपणात खड्यांचा एक चौक आहे. त्यात ५, मोठा आणि शक्ती अशा अर्थांची अक्षरं लिहिलेले खडे शोधायचे, तिन्ही मिळाले की ताईत करून जवळ ठेवायचे. भलीभली माणसं तिथे वाकून खडे निवडत असतात. देऊळ थंडीत सकाळी साडेसहाला उघडतं, तिकीट नाही.

दुपारी परत तेन्नोजी. शितेन्नोजी देऊळ चालत गाठता येतं. राजपुत्र शोतोकूनं ५९३ साली स्थापलं, पण युद्धात जळल्यावर मधलं आवार १९६३ मध्ये काँक्रीटमध्ये उभारलं. मला ते कोरडं वाटतं. कासवांचं तळं बघून निघा.

उंचावरून शहर बघायचं असेल तर अबेनो हारुकास समोरच आहे, ३०० मीटर. अगदी वरच्या मजल्यांना तिकीट आहे आणि ते काही थोडं नाही. पण सोळाव्या मजल्यावरच्या बागेत फुकट जाता येतं, लिफ्टनं. नोव्हेंबरअखेर सूर्य पाचच्या आधीच मावळतो, म्हणून साडेचारला वर असा.

मग अंधार पडल्यावर शिनसेकाई वस्ती. त्सूतेनकाकू मनोरा १९५६ चा, टोकियो टॉवरचा आराखडा ज्यांनी केला त्याच नाइतो ताचू यांचा. त्याच्या आधीचा १९१२ चा मनोरा युद्धकाळात मोडून त्याचं लोखंड सरकारला गेलं. वर चढू नका, खालून बघण्यात मजा आहे.

दोतोनबोरी शेवटी, एकदा पाहायची म्हणून. ग्लिको कंपनीच्या पाटीवरच्या धावपटूसमोर सगळे हात वर करून फोटो काढतात, तुम्हीही काढा, इथे कोणी ओळखीचं भेटणार नाही. आणि तिथून दोन मिनिटांवर होझेन्जीच्या बोळात वळा. दगडी फरशी, कंदील, आणि शेवाळानं पार झाकलेली फुदो या देवाची मूर्ती. नवस बोलणारे पळीनं पाणी ओततात. इतकी वर्षं इतकं पाणी पडलंय की मूर्तीचा चेहराच दिसत नाही, नुसता हिरवा गोळा. गर्दीच्या इतक्या जवळ असून तिथे आवाज खाली येतो.

रविवारचं नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

शेंगदाणा:

खाण्याचं मी सांगतो, शाकाहारी म्हणून इथे बरीच वर्षं काढलीत.

खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. उदोनचा रस्सा, मिसो सूप, इनारीझुशीतला टोफू, कित्येक लोणची, सगळ्यात कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. दिसत नाही, पण असतो. तो चालत असेल तर तुमचं जग एकदम मोठं होतं, चालत नसेल तर आधीच ठरवून ठेवा, टेबलावर बसल्यावर वाद घालू नका. ओसाकात कोम्बूचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं महत्त्व मोठं. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाहून जहाजं ते इथे आणायची. नुसत्या कोम्बूवर रस्सा करणारी शाकाहारी ठिकाणं शोधली तर मिळतात.

ओकोनोमियाकीच्या (तव्यावरच्या कोबीच्या जाड धिरड्याच्या) पिठातही बहुतेकदा दाशी असते. वरून भुरभुरलेली कात्सुओबुशी नको म्हणता येते, पिठातली काढता येत नाही. शिनसेकाईत कुशीकात्सूच्या, म्हणजे काडीला लावून तळलेल्या पदार्थांच्या, काड्यांवर कमळकाकडी, कांदा, शिताके मशरूम, भोपळा असं सगळं मिळतं, बघून जीव हरखतो. पण पुष्कळ ठिकाणी तळण गाईच्या किंवा डुकराच्या चरबीत. विचारल्याशिवाय खाऊ नका. (तुमच्या ह्यांना सांगा, सॉसचं भांडं समाईक असेल तर चावलेली काडी पुन्हा बुडवायची नाही. कोविडनंतर बऱ्याच जागी बाटल्या आल्या, पण नियम नियमच.)

तेन्नोजीला राहणार असाल तर हारुकासच्या तळघरात किन्तेत्सू या मोठ्या दुकानाचा खाद्यविभाग आहे. बंद व्हायच्या आधी डब्यांवर सवलतीची चिकटपट्टी लागते. भाजलेलं रताळं, काकी म्हणजे जपानी फळ पर्सिमॉन, ऐन हंगामात, मोची, चेस्टनटची मिठाई. पोट भरतं. भारतीय हॉटेलंही शहरात आहेत, पण दोन दिवसांसाठी कशाला?

उंबरठा:

सुईदोरा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. पुलाचं ऐकून तो म्हणाला, मी चढणारच. बघू.

दाशी मी डोळ्यांआड करायचं ठरवलंय, चरबी नाही करता येणार. शेंगदाणा, आभार.

रविवारची वाट बघतेय. किल्ल्याचं तेवढं सांगा, त्याचा जीव त्यात अडकलाय.

सुईदोरा:

घ्या, रविवार. तेन्नोजीहून जांभळी तानिमाची लाइन. पूर्ण दिवस याच एका लाइनवर आहे, म्हणून तर तेन्नोजी म्हटलं. मेट्रोचा एन्जॉय इको कार्ड नावाचा दिवसाचा पास शनिवार-रविवारी ६२० येन आहे, इतर दिवशी ८२०. फक्त ट्राम त्यात येत नाही, म्हणून तो रविवारी घ्या.

पहिला थांबा तानिमाची ४-चोमे. किल्ल्याच्या ओतेमोन दरवाज्यातून शिरा. तिथे एका खांबाचा खालचा भाग कुजल्यावर नवा जोडलाय. दोन बाजूंनी एक आकार दिसतो, उरलेल्या दोन बाजूंनी वेगळाच, आणि हे एकमेकांत बसवलं कसं ते काही केल्या कळत नाही. शेवटी १९८३ मध्ये क्ष-किरण लावून बघितलं तेव्हा उलगडलं. तुमच्या ह्यांना त्या खांबापाशी सोडा आणि निवांत गिंकोची पिवळी झाडं बघा.

पुढे साकुरामोन दरवाजा ओलांडला की समोरच ताकोइशी. एकच दगड, साडेपाच मीटर उंच, पावणेबारा मीटर रुंद, वजन अंदाजे १०८ टन. ओकायामाकडच्या दाइम्योनं (सरदारानं) समुद्रातून आणवला. मौज अशी की जाडी मीटरभरसुद्धा नाही. म्हणजे काम तटाचं कमी आणि बघणाऱ्याची छाती दडपवायचं जास्त. इतर दगडांवर ठिकठिकाणी छाप कोरलेले सापडतील, कोणत्या सरदाराच्या माणसांनी कोणता दगड आणला त्याची खूण.

आणि हा दिसणारा तट सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी याचा नाही. त्यानं १५८३ मध्ये सुरू केलेला किल्ला १६१५ च्या वेढ्यात जळाला, नंतरच्या तोकुगावा सत्ताधीशांनी तो मातीखाली गाडला आणि वर आपला बांधला. वरचा मनोराही १९३१ चा, काँक्रीटचा, शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून उभारलेला. आत लिफ्ट आहे, काचेच्या पेट्या आहेत आणि रविवारची रांग आहे. १२०० येन देऊन आत जाण्यापेक्षा खंदकाकाठानं चाला. माझं तरी हेच मत.

तिथून पुन्हा तानिमाची लाइन, तेनजिनबाशिसुजी ६-चोमे. हा भाग तुमच्यासाठी. स्टेशनच्या वरच्याच इमारतीत घरांचं संग्रहालय आहे, कोनजाकुकान, ६०० येन, मंगळवारी बंद. सरकत्या जिन्यानं आधी दहाव्या मजल्यावर नेतात आणि तिथून खाली कौलांचं छप्पर दिसतं, १८३० च्या दशकातली ओसाकातली एक गल्ली, खऱ्या मापानं बांधलेली. मग खाली उतरून त्या गल्लीत शिरायचं. औषधांचं दुकान, कापडवाला, न्हाणीघर, आणि मागच्या बोळात भाडेकरूंच्या खोल्या. दाराचे उंबरे झिजवलेले, भिंती मुद्दाम काळवंडवलेल्या. आपण एखाद्या ओसरीवर टेकलेलो असतो आणि वरचा उजेड हळूहळू तांबूस होत जातो, संध्याकाळ पडते, कुठेतरी गडगडतं, मग पुन्हा पहाट. मी पाहुण्यांना घेऊन जाते आणि त्यांच्याआधी स्वतःच ओसरी धरते.

खाली आलात की तेनजिनबाशिसुजीचा छताचा बाजार. लांबी २.६ किलोमीटर, जपानातली सर्वांत लांब अशी बाजाराची गल्ली म्हणतात. पर्यटकांचं कमी, रोजच्या गिऱ्हाइकांचं जास्त: चष्मे, चहा, चाकू, मोजे, जुनी पुस्तकं. पूर्ण सपाट. दक्षिणेकडे चालत राहा, टोकाजवळ तेनमानगू देऊळ लागतं. नदी ओलांडली की नाकानोशिमाचं बेट. तिथे पूर्वेकडची भांडी बघा, म्हणजे चिनीमातीचं संग्रहालय. आताका नावाची व्यापारी कंपनी बुडाल्यावर तिचा कोरियन आणि चिनी भांड्यांचा संग्रह सुमितोमो गटानं शहराला दिला, त्यावर हे उभं आहे. फिकट हिरव्या कोरियन कलशांसमोर मी पाय दुखेपर्यंत उभी असते.

शेजारी लाल विटांचं सभागृह आहे, १९१८ चं. इवामोतो एइनोसुके नावाच्या शेअर दलालानं त्यासाठी तेव्हाचे दहा लाख येन दिले. पुढे बाजारात तो पार धुतला गेला. दिलेले पैसे परत माग म्हणून लोकांनी सांगून पाहिलं, तो तयार झाला नाही, आणि १९१६ मध्ये इमारत पुरी व्हायच्या आत त्यानं स्वतःला गोळी घातली. संध्याकाळी दिवे लागले की इमारत फार देखणी दिसते, आणि मला दर वेळी तोच आठवतो.

बुरूज_ढासळला:

सुईदोरा, बाकी सगळं मान्य, पण मनोऱ्यात जाऊ नका हे काही पटलं नाही. किल्ल्याचं वेड असलेल्या माणसाला दारातून परत फिरवायचं? पाचव्या मजल्यावर १६१५ च्या वेढ्याचा छोट्या पुतळ्यांचा देखावा आहे, कोणाची फौज कुठे ते एका नजरेत कळतं. तिसऱ्यावर हिदेयोशीच्या सोन्याच्या चहाखोलीची पूर्ण मापाची प्रतिकृती. आणि १२०० येनच्या तिकिटातच एप्रिल २०२५ पासून नवं दालन बघता येतं, जिथे जमिनीखाली गाडलेला हिदेयोशीचा मूळ तट उघडा करून दाखवलाय. वरच्या तोकुगावा तटाचे दगड घासूनपुसून बसवलेले, खालचे ओबडधोबड, जसे मिळाले तसे रचलेले. हा फरक डोळ्यांनी बघायला मिळतो, मग आत जायचं नाही कशासाठी?

गुडघ्याबद्दल: लिफ्ट सर्वांना पाचव्यापर्यंत नेते, आठव्यापर्यंत जिना आहे. चालायला त्रास असणाऱ्यांना वरपर्यंत लिफ्टनं जाता येतं, तिथल्या माणसाला सांगायचं. उतरताना जिना अजिबात धरू नका. नऊला दार उघडतं तेव्हा पोचा, रांग नसते.

सुईदोरा:

जमिनीखालच्या तटासाठी आत जा, हे मान्य. सोन्याच्या खोलीसाठी नाही.

उंबरठा:

नवऱ्यानं बुरुजांच्या बाजूनं मत दिलंय, अपेक्षेप्रमाणे. तो नऊला आत जाईल, मी गिंकोखाली बसेन आणि अकराला खांबापाशी भेटू, असा तह झालाय. क्योटो रद्द. तेन्नोजीला खोली मिळाली.

एकच राहिलं. रविवारी बॅगांचं काय करू? हॉटेल तेन्नोजीला, आम्ही दिवसअखेर नाकानोशिमाला, गाडी शिन-ओसाकाहून.

सुईदोरा:

चाकांची बॅग आणूच नका. दोन रात्रींचे कपडे पाठपिशवीत मावतात, आणि तीही हॉटेलात ठेवायला देतात. नाकानोशिमाहून योदोयाबाशीला मिदोसुजी पकडून तेन्नोजीला या, पिशव्या उचला, त्याच लाइननं उलट शिन-ओसाका. तासभर धरा. टोकियोची शेवटची गाडी साधारण सव्वानऊ-साडेनऊला सुटते, तिच्या भरवशावर राहू नका, आठच्या आसपासचं आरक्षण करा. आणि सुमियोशीला जाल तेव्हा खड्यांसाठी वाकायला त्यांना लावू नका, तुम्हीच शोधा.